मोटारहोममागच्या गाडीच्या ब्रेकचा सूचक दिवा: वायर नेमकी कोठून घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याने पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मोटारहोममागे, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या बसएवढ्या गाडीमागे, २०१३ची होंडा सीआर-व्ही चारही चाके रस्त्यावर ठेवून ओढायला सुरुवात केली आहे. गाडीत चालकाच्या पायापाशी ब्रेकचे पेडल दाबणारी उचलठेव करता येण्याजोगी पेटी बसवलेली आहे. ती पेटी पेडल कधी दाबते हे पुढे बसून कळावे म्हणून त्यांनी सीआर-व्हीच्या डाव्या मागच्या दिव्यातून एक वायर काढून मोटारहोमच्या डॅशबोर्डवर लहान लाल एलईडी लावला. आता हा एलईडी डावीकडे वळण्याचा इशारा दिला की लुकलुकतो आणि मोटारहोमचा ब्रेक दाबला की प्रत्येक वेळी लागतो. असे का होते आणि दुरुस्ती काय करावी, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचा एलईडी बिघडलेला नाही. तुम्ही जोडणी जेथून घेतली आहे तेथे त्याने असेच वागायला हवे. अमेरिकी मोटारहोममधून मागे येणाऱ्या वायरिंगमध्ये बहुधा ब्रेकचा दिवा आणि वळणाचा इशारा एकाच वायरवर येतात, एक वायर डाव्या बाजूसाठी आणि एक उजव्या बाजूसाठी. सीआर-व्हीमध्ये मात्र वळणाचे दिवे वेगळे, पिवळे आहेत. अशा गाडीला ओढताना दिवे चालावेत म्हणून जे डायोडचे संच बसवतात, ते मोटारहोमचा एकत्रित इशारा गाडीच्या लाल ब्रेक दिव्यांत सोडतात, म्हणजे ओढली जात असताना तुमच्या गाडीचा डावा ब्रेक दिवाच डावीकडचा इशारा म्हणून लुकलुकतो. डायोडचे काम एवढेच, की मोटारहोमकडून आलेला प्रवाह दिव्यापर्यंत जावा, पण गाडीच्या आतल्या वायरिंगमध्ये उलटा शिरू नये, आणि गाडीच्या स्वतःच्या स्विचकडून आलेला प्रवाह मोटारहोमकडे जाऊ नये. डायोडच्या पलीकडे, दिव्याच्या बाजूला, हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात आणि तुमची वायर नेमकी तेथे जोडलेली आहे. म्हणून तो एलईडी ‘ब्रेक दिव्यात वीज आहे’ एवढेच सांगतो, ती वीज कोणी पाठवली हे सांगत नाही.

यातला धोका नीट समजून घ्यावा, कारण आजच्या स्थितीतही हा दिवा अर्धे काम करतो आणि म्हणूनच फसवतो. पेटी पेडल दाबून अडकून बसली, तर एलईडी सतत लागून राहील. ती सूचना खरी असेल. पण पेटीने काम करणेच थांबवले, तिची बारा व्होल्टची पिन सॉकेटमधून सैल झाली किंवा तिचा पेडलवरचा चिमटा निसटला, तर तुम्ही मोटारहोमचा ब्रेक दाबताच एलईडी नेहमीसारखाच लागेल आणि मागची गाडी ब्रेक लावते आहे असे तुम्हाला वाटत राहील. सुमारे १,५५० किलो वजनाची गाडी ब्रेकशिवाय मागून ढकलत असताना डॅशबोर्डवरचा दिवा सर्व काही ठीक असल्याची खात्री देत असेल, तर तो दिवा नसलेलाच बरा.

मूळ तत्त्व एकच आहे: या दिव्याला वीज मिळावी ती मागच्या गाडीच्या पेडलावरील स्विचमधून आणि केवळ त्यातूनच. पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे फ्यूज, डायोड, पिनची निवड आणि अर्थिंग, याच तत्त्वाच्या रक्षणासाठी आहे.

सीआर-व्हीच्या ब्रेक पेडलाच्या वर, दांड्याजवळ, ब्रेक लाइटचा स्विच आहे. त्यात दोनपेक्षा जास्त वायर असू शकतात, कारण क्रूझ कंट्रोल आणि गिअरबॉक्सचा संगणक यांनाही पेडलाची माहिती लागते. आपल्याला हवी आहे ती अशी वायर, जिच्यावर पेडल मोकळे असताना शून्य व्होल्ट आणि पेडल दाबताच बॅटरीचे पूर्ण व्होल्ट दिसतात, आणि हे किल्ली बंद असतानाही घडते. रंगावर विसंबू नये. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक रंग बदलतात. डिजिटल मल्टिमीटरने आधी खात्री करून घ्यावी. पुण्यात शिकताना आम्ही सर्रास बल्बचा टेस्ट लॅम्प वापरत असू, पण आजच्या गाड्यांत संगणकाच्या वायरवर तो लावला तर जास्त प्रवाह ओढला जाऊन इजा होऊ शकते, म्हणून अगोदर मीटर आणि वायर निश्चित ओळखल्यावरच बल्ब. पिवळे वेष्टन किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात; त्यांना अजिबात हात लावू नये.

काही नव्या गाड्यांत हा स्विच दिव्यांना थेट वीज देतच नाही. तो फक्त संगणकाला इशारा करतो आणि दिवे संगणक पेटवतो. तेथे मागच्या काचेजवळचा तिसरा, उंचावरचा ब्रेक दिवा हे जोडणीचे चांगले ठिकाण असते, कारण वळणाच्या इशाऱ्याशी त्याचा संबंध नसतो आणि डायोडचे संच सहसा त्याला स्पर्श करत नाहीत. तुमच्या गाडीत मात्र मी पेडलाजवळचीच वायर घेईन. मोटारहोमला जोडायचे सॉकेट गाडीच्या पुढच्या बंपरवर आहे, त्यामुळे मागच्या दारापासून पुढे वायर ओढण्याचे कष्ट वाचतात.

येथे एक प्रश्न हमखास येतो. पेटीने पेडल दाबले की गाडीच्या स्वतःच्या स्विचमुळे तिचे ब्रेक दिवे स्थिर लागतात आणि त्या काळात मोटारहोमचा वळणाचा इशारा मागच्या गाडीवर दिसत नाही, कारण आधीच पेटलेल्या दिव्यावर लुकलुक कशी दिसणार? यावर उपाय म्हणून काही जण ओढताना स्विच आणि दिवे यांच्यामधला मार्ग तोडणारा रिले बसवतात. तुम्ही तो बसवला असेल किंवा पुढे बसवणार असाल, तर सूचक दिव्याची वायर रिलेच्या आधी, स्विचच्या बाजूने घ्यावी. रिलेनंतर घेतली तर ओढताना तिच्यात कधीच वीज येणार नाही. ही चूक मी वारंवार पाहिली आहे, आणि ती पकडणे अवघड जाते, कारण घरासमोर गाडी सुटी असताना तपासले तर सगळे व्यवस्थित चालते.

जोडणी करताना वायरचे आवरण सोलून मुरगळून टेप लावण्याऐवजी सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी बसवावी किंवा चांगल्या प्रतीचा क्रिम्प वापरावा. दाबून बसवायच्या, वायरमध्ये पाते घुसवणाऱ्या निळ्या-लाल चिमट्यांवर माझा विश्वास नाही; ब्रेकच्या वायरवर तर मुळीच नाही. जोडणीपासून पाच-सात सेंटिमीटरच्या आत १ अँपिअरचा फ्यूज बसवावा. हा फ्यूज एलईडीसाठी नाही. ही वायर पुढे बंपरमधून, सॉकेटमधून आणि दोन गाड्यांमध्ये झोके घेणाऱ्या केबलमधून जाणार आहे, आणि ती केबल कधी ना कधी रस्त्याला घासते. वायर तेथे शॉर्ट झाली आणि फ्यूज नसला, तर गाडीच्या ब्रेक दिव्यांचा मूळ फ्यूज उडेल. मग ओढताना दिवे मोटारहोमच्या विजेवर चालत राहतील, पण तुम्ही गाडी सुटी करून गावात फिरायला जाल तेव्हा तिचे ब्रेक दिवे बंद असतील आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही.

फ्यूजनंतर एक डायोड घालावा. १ अँपिअरचा साधा १एन४००१ किंवा १एन४००७ चालतो. त्याची पट्टीची बाजू मोटारहोमकडे ठेवावी. केबलमधल्या त्या पिनवर मोटारहोमकडून कधी चुकून वीज आली, तर ती गाडीच्या ब्रेक स्विचच्या वायरमध्ये शिरू नये यासाठी हा डायोड आहे, आणि अशी वीज येण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. मोटारहोमच्या मागच्या सात पात्यांच्या सॉकेटमध्ये मधली पिन अनेकदा रिव्हर्सच्या दिव्याला जोडलेली असते. इलेक्ट्रिक ब्रेकची निळी वायर ज्या पिनवर येते, ती पिन काही गाड्यांत डॅशबोर्डखालपर्यंत गेलेली असते, काही गाड्यांत मध्येच कापून सोडलेली असते. बारा व्होल्टची पिन तर कायम जिवंत असू शकते. म्हणून वायरचे रंग किंवा झाकणावरचा तक्ता पाहून पिन ठरवू नये. मोटारहोमचे दिवे, दोन्ही बाजूंचे इशारे, ब्रेक आणि रिव्हर्स गिअर एकेक करून चालवावेत आणि प्रत्येक वेळी सॉकेटच्या सर्व पिनांवर मीटर लावून कागदावर नोंद करावी. ज्या पिनवर कोणत्याही स्थितीत काही येत नाही, तीच आपली पिन. तुमच्या गाडीच्या बाजूला सहा पिनांचे गोल सॉकेट असेल, तर केबलच्या दोन्ही टोकांमध्ये कोणती पिन कोणत्या पिनला जोडली आहे तेही मीटरनेच तपासावे. आयत्या मिळणाऱ्या केबल सर्व सारख्या नसतात, आणि काहींमध्ये मधली पिन जोडलेलीच नसते.

मोटारहोमच्या मागच्या सॉकेटपासून डॅशबोर्डपर्यंत नऊ-दहा मीटर वायर ओढणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे, आणि ते अनेकदा टाळता येते. पुष्कळ मोटारहोमच्या चासिवर ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर जोडण्यासाठी डॅशबोर्डखाली एक कनेक्टर कारखान्यातूनच दिलेला असतो आणि त्यातली निळी वायर सरळ मागच्या सॉकेटपर्यंत गेलेली असते. तुमच्याकडे असा कंट्रोलर नसेल, तर ती वायर रिकामी आहे, तीच वापरावी. मीटर ओहमवर ठेवून ती अखंड आहे ना आणि चासिला कोठे टेकत नाही ना, एवढे पाहावे. आणि दोन्ही टोकांना पक्की पट्टी चिकटवून लिहून ठेवावे, की ही वायर आता मागच्या गाडीच्या सूचक दिव्याची आहे. पुढे कोणी याच मोटारहोमला इलेक्ट्रिक ब्रेकचा ट्रेलर जोडायला गेले, तर त्याला ते कळलेच पाहिजे. वायर नव्याने ओढावी लागली, तर १८ गेज पुरते. प्रवाह इतका कमी असतो की व्होल्टेज घटण्याचा प्रश्न येत नाही. जाड वायर हवी ती केवळ ताण आणि घर्षण सोसण्यासाठी. ती नालीदार नळीत घालून सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, चासिच्या पट्टीला दर तीस सेंटिमीटरवर बांधत न्यावी.

एलईडी बारा व्होल्टसाठीच बनवलेला असेल, तर त्यात रेझिस्टर आधीच असतो. सुटा लाल एलईडी असेल, तर १,००० ओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर मालिकेत घालावा. १३.८ व्होल्टमधून एलईडीचे सुमारे २ आणि डायोडचे ०.७ व्होल्ट वजा केले, तर सुमारे ११ मिलिअँपिअर प्रवाह राहतो. तो दिवसा दिसायला पुरेसा आहे आणि रात्री डोळ्यांवर येत नाही. एलईडी नजरेच्या टप्प्यात, पण स्टिअरिंगच्या चाकाआड जाणार नाही अशा ठिकाणी असावा. काही गाड्यांत पेडल मोकळे असतानाही एलईडी अगदी मंद उजळतो, कारण संगणक दिवे शाबूत आहेत का हे पाहण्यासाठी सूक्ष्म प्रवाह सोडत असतो. तसे झाले, तर एलईडी आणि त्याचा रेझिस्टर या दोघांना समांतर ४७० ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर लावावा. तो सूक्ष्म प्रवाह तेथून निघून जातो.

आता अर्थिंग, म्हणजे विजेच्या परतीचा मार्ग. अमेरिकेत त्याला ग्राउंड म्हणतात, शब्द कोणताही वापरा. एलईडीचे ऋण टोक मोटारहोमच्या चासिला जोडायचे आहे, पण त्याला मिळणारी वीज मागच्या गाडीच्या बॅटरीतून येते, म्हणून प्रवाहाला त्या बॅटरीकडे परत जाण्याचा मार्ग लागतो, आणि तो मार्ग म्हणजे केबलमधली पांढरी वायर. टो बार, म्हणजे दोन गाड्यांना जोडणारा दांडा, आणि तो ज्यावर बसतो तो बॉल यांचे लोखंड एकमेकांना टेकलेले असते, त्यामुळे पांढरी वायर तुटली तरी कधी काम चालते आणि कधी चालत नाही. गंज, रंग आणि ग्रीस यांतून जाणाऱ्या अशा मार्गावर कधीही विसंबू नये. सूचक दिवा वळणाच्या इशाऱ्याबरोबर मंद लुकलुकू लागला, किंवा मागचे दिवे लावले की त्याचा उजेड बदलला, तर दहापैकी नऊ वेळा दोष पांढऱ्या वायरच्या टोकांवर असतो. तेथला पृष्ठभाग घासून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला की हा प्रश्न सुटतो.

काही जण वायर टाळण्यासाठी गाडीच्या पुढच्या काचेमागे पुढे तोंड करून दिवा लावतात आणि तो मोटारहोमच्या मागच्या कॅमेऱ्यात पाहतात. मला ही पद्धत पसंत नाही. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याच्या चित्रात तो दिवा दिसत नाही, आणि अनेक राज्यांत पुढे तोंड असलेला लाल दिवा बेकायदा आहे. बिनतारी सूचक मिळतात आणि ते चालतातही, पण त्यांच्या बॅटऱ्या सांभाळाव्या लागतात. वायरची सोय असताना मी त्यांच्याकडे जात नाही.

हे सगळे इतक्या बारकाईने का सांगतो, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी ॲरिझोनात एका परिचित कुटुंबाच्या मोटारहोममागे मी माझ्या गाडीतून जात होतो. फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथून फिनिक्सकडे येणारा आंतरराज्य महामार्ग १७ लांबलचक उतारांनी खाली येतो. एका उतारावर त्यांच्या मागच्या गाडीच्या पुढच्या चाकांतून धूर निघताना मला दिसला. पेटीने पेडल दाबले होते आणि सोडलेच नव्हते. मोटारहोम चालवणाऱ्याला काहीच जाणवले नव्हते, आणि जाणवणार तरी कसे? दहा टनांच्या आसपासच्या वाहनाला दीड टनाच्या गाडीचा थोडासा ओढा उतारावर समजत नाही. आम्ही थांबलो तेव्हा डिस्क निळसर पडल्या होत्या आणि पेडल दाबले की तळाला जात होते, म्हणजे ब्रेक ऑइल उकळले होते. डॉट ३ प्रतीच्या नव्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण त्यात ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. आणखी थोडे अंतर गेलो असतो तर टायरने पेट घेतला असता. त्या मोटारहोममध्ये सूचक दिवा नव्हता. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी तो मी स्वतः लावून दिला.

त्यांची पेटी का अडकली, तेही तुमच्या उपयोगाचे आहे. गाडीचे इंजिन बंद केल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, काही काळ निर्वात शिल्लक राहतो आणि पेडल मऊ लागते. तशा मऊ पेडलावर पेटी बसवून तिची खोली किंवा जोर ठरवला, तर निर्वात संपल्यावर पेडल कठीण होते आणि सगळे गणित बदलते. उलट निर्वात शिल्लक असताना पेटी गरजेपेक्षा जास्त ब्रेक लावते. म्हणून पेटी ठेवण्यापूर्वी इंजिन बंद करून पेडल कठीण होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे आणि मगच पेटी बसवावी. सीट इतकी पुढे नसावी की पेटी सीट आणि पेडल यांच्यामध्ये आवळली जाऊन मोकळ्या स्थितीतही पेडल किंचित दाबलेले राहील. स्विच पेडलाच्या पहिल्याच थोड्या हालचालीत लागत असल्यामुळे सूचक दिवा हा दोष लगेच दाखवेल.

याच कारणाने दिव्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. पेडल हलले एवढेच तो सांगतो. चाकांवर किती जोर लागला हे त्याला माहीत नसते. पेडल मोकळे असूनही एखाद्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला आवळणारा भाग, गंजून अडकला, तर दिवा विझलेलाच राहील. म्हणून प्रत्येक थांब्यावर इन्फ्रारेड तापमापकाने रिमच्या फटींतून चारही चाकांच्या डिस्कचे तापमान घ्यावे. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची आहे: एकाच अक्षावरच्या दोन चाकांत मोठा फरक दिसला, तर तेथे काहीतरी अडकले आहे. हात लावून पाहू नये आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये.

वायर पूर्ण झाल्यावर गाडी जोडून, उभ्या स्थितीत तपासणी करावी. मोटारहोमचे मागचे दिवे लावावेत, मग डावा इशारा, उजवा इशारा आणि चारही इशारे एकत्र द्यावेत. या सर्वांत एलईडी पूर्ण विझलेला राहिला पाहिजे. नंतर मोटारहोमचा ब्रेक दाबावा. तुमची पेटी वेग कमी होण्याच्या धक्क्यावर चालणारी असेल, तर उभ्या गाडीत ती हलणार नाही आणि एलईडी विझलेलाच राहील. आज तो याच वेळी लागतो आहे, म्हणून जुनी चूक सुटली की नाही हे या एका चाचणीत कळेल. पेटी मोटारहोमच्या ब्रेकच्या विजेवर चालणारी असेल, तर एलईडी लागेल, पण पेटीची पिन काढून पुन्हा पाहिले तर लागता कामा नये. यानंतर एकाने गाडीत बसून हाताने पेडल दाबावे आणि सोडावे, दुसऱ्याने पुढे एलईडी पाहावा. शेवटी टो बार तुटल्यास गाडीचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची पिन, केबल जोडलेली असतानाच ओढावी. पेटीने पेडल दाबले पाहिजे आणि एलईडी लागला पाहिजे. ही चाचणी एकट्याने करायला फार सोयीची आहे, कारण पेडलावर बसायला कोणी नसले तरी पिन ओढून पुढे जाऊन दिवा पाहता येतो. पिन परत घालायला मात्र विसरू नये, आणि घातल्यावर एलईडी विझला आहे याची खात्री करून मगच निघावे.

पहिल्या प्रवासात रिकाम्या रस्त्यावर ताशी तीस मैलांवरून दोन-तीनदा ब्रेक लावून पाहावा. एलईडी तुमच्या पायानंतर क्षणभराने लागेल आणि पाय उचलल्यावर लगेच विझेल. पुलांच्या सांध्यांवर किंवा खडबडीत रस्त्यावर तो क्षणभर चमकत असेल, तर पेटीची संवेदनशीलता एक घर कमी करावी. पाय ब्रेकवर नसताना तो दोन-तीन सेकंदांहून जास्त काळ लागून राहिला, तर पुढच्या गावापर्यंत जाण्याचा विचार न करता पहिल्या सुरक्षित जागी बाजूला थांबावे, पेटी काढावी आणि चाके थंड होईपर्यंत निघू नये.